टायटॅनियम डायऑक्साइडची घडण : म्हैसूरच्या निमित्ताने एक आढावा

म्हैसूर संस्थानचे अधिपती नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या कारकिर्दीत, 1937 साली, लाख आणि रंग यांचा जो कारखाना त्या नगरीत निघाला आणि जो आज म्हैसूर पेंट्स अँड वार्निश या नावाने कर्नाटक सरकारच्या अखत्यारीत चालतो, त्याची देशभर ख्याती झाली ती मतदाराच्या बोटाला लावायच्या शाईमुळे. 1962 च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ही शाई तेथे तयार होते, आणि तिच्यातील सिल्व्हर नायट्रेट उजेड लागताच काळे पडत असल्यामुळे तिचा डाग साबणापाण्याला दाद देत नाही. प्रकाश हा रासायनिक क्रिया घडवून आणणारा कर्ता आहे, याचा दाखला या देशातील प्रत्येक मतदार अशा रीतीने अंगावर वागवीत असतो. परंतु रंगांच्या त्याच धंद्यात दुसरा एक पदार्थ आहे, ज्याचे प्रकाशाशी असलेले सख्य रंगवाल्यांना मुळीच नको असते. तो म्हणजे पांढऱ्या रंगाचा आधार असलेला टायटॅनियम डायऑक्साइड. बाहेरच्या भिंतीवरून काही वर्षांनी हात फिरवला असता जी पांढरी भुकटी हाताला लागते, तिचे एक मोठे कारण असे की, या पदार्थाचे कण उन्हात आपल्याभोवतालचे तेल किंवा राळ जाळून टाकतात आणि स्वतः उघडे पडतात. म्हणून रंगाचे उत्पादक त्यातल्या त्यात निरुपद्रवी असे रुटाइल जातीचे कण निवडतात, आणि त्यांवर ॲल्युमिना व सिलिका यांचे पातळ कवच चढवून त्यांची खोड मोडतात. गुडीव्ह आणि किचनर या दोघा ब्रिटिश संशोधकांनी 1938 सालीच या शुभ्र चुर्णाच्या सान्निध्यात रंगद्रव्ये उजेडाने विटतात, हे पद्धतशीरपणे तपासले होते.

एका धंद्याने जो दोष दाबून टाकण्यासाठी पैसा खर्च करावा, तोच दुसऱ्या विद्येने गुण म्हणून जोपासावा, असा हा मामला आहे. सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्ये जाळावीत, जंतू मारावेत, हवेतील विषारी वायू निकामी करावेत, एवढेच काय, पाण्याचे विघटन करून हायड्रोजन मिळवावा, आणि हे सर्व फुकटच्या सूर्यप्रकाशावर व्हावे, अशी आकांक्षा धरून गेली पाच दशके जगभरच्या प्रयोगशाळा या एका ऑक्साइडची नॅनो मापाची नवनवी रूपे घडवीत आहेत. या खटाटोपात म्हैसूर विद्यापीठाचा वाटा लहान असला तरी विचारात घेण्याजोगा आहे. आणि संपूर्ण विषयाचा हिशेब मांडताना ज्या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात, त्यांपैकी काहींकडे त्या वाट्याने योग्य दिशेने बोट दाखवले आहे, असे माझे मत आहे.

मूळ तत्त्व थोडक्यात सांगता येते. टायटॅनियम डायऑक्साइड हा अर्धवाहक आहे; त्यातील इलेक्ट्रॉन खालच्या संयुजा पट्ट्यात बसलेले असतात आणि वरच्या वहन पट्ट्यात जाण्यासाठी त्यांना रुटाइलमध्ये सुमारे 3.0 आणि ॲनाटेज या दुसऱ्या स्फटिकरूपात सुमारे 3.2 इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा लागते. ती देण्याचे सामर्थ्य ॲनाटेजच्या बाबतीत 387 नॅनोमीटरहून आखूड तरंगलांबीच्या, म्हणजे जंबुपार, किरणांतच असते. असा किरण शोषला गेला की वर इलेक्ट्रॉन जातो, खाली धनभारित पोकळी उरते. ही पोकळी कणाच्या पृष्ठभागी पोहोचल्यास तेथील पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक निर्माण करते, इलेक्ट्रॉन विरघळलेल्या ऑक्सिजनला जाऊन मिळतो, आणि या दोहोंपासून निघालेली तीव्र ऑक्सिडीकारके समोर येईल त्या सेंद्रिय रेणूचे तुकडे करीत त्याला शेवटी कार्बन डाय-ऑक्साइड व पाणी येथवर पोहोचवतात. टोकिओ विद्यापीठातील केनिची होंडा आणि त्यांचे शिष्य अकिरा फुजिशिमा यांनी 1972 साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या लहानशा टिपणात रुटाइलच्या स्फटिकावर प्रकाश पाडून पाण्यातून ऑक्सिजन आणि पलीकडच्या प्लॅटिनमवर हायड्रोजन मिळाल्याचे दाखवले. पुढच्याच वर्षी जगावर तेलटंचाई कोसळली, आणि एरवी विद्युत्-रसायनाच्या दफ्तरात पडून राहिले असते असे हे टिपण एका नव्या विद्याशाखेची सनद ठरले. 1977 साली अमेरिकेत फ्रँक आणि बार्ड यांनी पाण्यातील सायनाइड याच चुर्णाने नष्ट करून दाखवल्यावर जलशुद्धीची दुसरी वाट खुली झाली.

येथवर सारे सरळ दिसते. अडचण पुढे आहे. पृथ्वीवर पोहोचणाऱ्या सूर्यप्रकाशात जंबुपार किरणांचा वाटा चार-पाच टक्क्यांहून अधिक नसतो. म्हणजे दारी आलेल्या मुद्दलापैकी पंच्याण्णव टक्के रक्कम हा पदार्थ स्वीकारीतच नाही; आणि जी स्वीकारतो, तिच्यातीलही बहुतेक खजिन्यात जमा होण्यापूर्वीच वाटेत खर्ची पडते, कारण वेगळे झालेले इलेक्ट्रॉन आणि पोकळ्या सेकंदाच्या अब्जांश भागाच्या आसपासच्या अवधीत पुन्हा एकमेकांना मिळून ती ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया घालवतात. वसुली कमी आणि गळती फार, या दोन बाजूंनी हा हिशेब तुटीत जातो. संशोधकांची सारी कलाकुसर या दोहोंपैकी कोणत्या तुटीवर खर्च झाली, असे विचारल्यास, पहिलीवर वाजवीपेक्षा अधिक आणि दुसरीवर त्या मानाने कमी, असे उत्तर द्यावे लागेल.

कणाचा आकार हा घडणीचा पहिला आणि अजूनही सर्वांत खात्रीचा उपाय. कण दहा-वीस नॅनोमीटर इतका लहान झाला की एका ग्रॅम चुर्णाचे पृष्ठफळ पन्नास चौरस मीटर किंवा त्याहूनही पुष्कळ अधिक भरते, शिवाय आत निर्माण झालेल्या पोकळीला पृष्ठभाग गाठण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. गंमत अशी की या मापावर निसर्गाचा कायदाही बदलतो. मोठ्या स्फटिकांत रुटाइल हे स्थिर रूप असताना, सुमारे 14 नॅनोमीटरपेक्षा लहान कणांत ॲनाटेजच अधिक स्थिर ठरते, असे झँग आणि बॅनफील्ड यांनी 1998 साली दाखवले. तथापि लहानपणालाही मर्यादा आहे. अति लहान कणात स्फटिकाची जुळणी सदोष राहते आणि प्रत्येक दोष हा इलेक्ट्रॉन-पोकळीच्या पुनर्मीलनाचा अड्डा बनतो. तो दोष काढावा म्हणून चूर्ण भट्टीत तापवावे, तर कण एकमेकांना चिकटून वाढतात आणि कमावलेले पृष्ठफळ हातचे जाते. अनेक दशके ज्याच्याशी सर्वांनी तुलना केली ते ‘पी-25’ नावाचे जर्मन बनावटीचे बाजारी चूर्ण सुमारे चार भाग ॲनाटेज आणि एक भाग रुटाइल यांचे मिश्रण असून त्याचे पृष्ठफळ ग्रॅममागे जेमतेम पन्नास चौरस मीटर आहे. दोन रूपांच्या सांध्यावर इलेक्ट्रॉन एका बाजूस व पोकळी दुसऱ्या बाजूस सरकल्याने गळती थांबते, अशी त्याच्या यशाची मीमांसा केली जाते. ज्वालेत तयार होणारे हे साधे चूर्ण कित्येक नाजूक नवनिर्मित कणांना आजही मागे टाकते, ही गोष्ट घडणीच्या अभिमान्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

वसुली वाढवण्याचे प्रयत्न मात्र अधिक गाजले. 1994 साली चोई, टर्मिन आणि हॉफमन यांनी एकवीस निरनिराळे धातू-आयन या स्फटिकात मिसळून पाहिले. लोह, मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम अशा काहींनी अल्प प्रमाणात उपकार केला, इतर काहींनी घातच केला. 2001 साली असाही या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नायट्रोजन मिसळून चूर्ण पिवळसर केले आणि ते दृश्य प्रकाशातही काम करते असे जाहीर केले. तेव्हापासून नायट्रोजन, गंधक, कार्बन, फ्लोरिन यांच्या मिश्रणांचा पूर लोटला. 2011 साली चेन, माओ आदींनी हायड्रोजनच्या दाबाखाली तापवून चक्क काळे टायटॅनियम डायऑक्साइड बनवले. दरम्यान 2008 साली यांग आणि सहकाऱ्यांनी हायड्रोफ्लोरिक अम्लाच्या साहाय्याने ॲनाटेजचे असे स्फटिक वाढवले की ज्यांच्या पृष्ठभागापैकी 47 टक्के भाग एरवी दुर्मीळ असलेल्या क्रियाशील पैलूंचा होता. परंतु तेच पैलू खरोखर सर्वांत क्रियाशील आहेत काय, याबद्दल तीन वर्षांतच हरकत उपस्थित झाली. या साऱ्यांतून ज्ञान वाढले यात संशय नाही. तरी चूर्ण रंगीत झाले म्हणजे ते उपयुक्त झाले, हा निष्कर्ष घाईचा आहे. मिसळलेला परका अणू प्रकाश शोषतो हे खरे, पण पुष्कळदा तोच पुनर्मीलनाचे नवे ठाणे ठरतो, आणि त्याच्या पातळीवरून निघालेल्या पोकळीच्या अंगी पाण्यातून हायड्रॉक्सिल मूलक काढण्याइतके बळ राहत नाही.

गळती रोखण्याच्या उपायांत पृष्ठभागावर प्लॅटिनम किंवा चांदीचे सूक्ष्म ठिपके बसवणे हा उपाय जुना आणि सरस आहे. धातूकडे इलेक्ट्रॉन ओढला जातो आणि पोकळी मागे मोकळी राहते. येथे निवडणुकीच्या शाईतील सिल्व्हर नायट्रेटच पुन्हा कामी येते, कारण त्याच्या द्रावणात टायटॅनियम डायऑक्साइड ढवळून उजेडात ठेवले की कणाच्या पृष्ठभागी आलेले इलेक्ट्रॉन चांदीच्या आयनाचे क्षपण करतात आणि पांढरे चूर्ण पाहता पाहता करड्या-तपकिरी छटेचे होते. उत्प्रेरक स्वतःच्याच शक्तीने स्वतःवर अलंकार चढवून घेतो, इतकी सुबक रीत रसायनशास्त्रात क्वचितच आढळते.

आता म्हैसूरकडे वळू. 1916 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या, कुवेंपूंनी ‘मानसगंगोत्री’ असे नाव दिलेल्या पदव्युत्तर परिसरात हे काम रसायनशास्त्राच्या जोडीने भूशास्त्र विभागात झाले, याचे नवख्याला नवल वाटेल. पण त्यामागे संगती आहे. पृथ्वीच्या पोटात तप्त आणि दाबाखालच्या पाण्यातून स्फटिक कसे जन्मतात, याचा अभ्यास भूशास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकापासून करीत आले, आणि तीच क्रिया पोलादी पात्रात घडवून आणण्याचे जलऔष्णिक तंत्र हा म्हैसूरच्या प्रा. के. बैरप्पा यांचा आयुष्यभराचा विषय होता. जपानचे मासाहिरो योशिमुरा यांच्यासह त्यांनी 2001 साली प्रसिद्ध केलेला या तंत्रावरील बृहद्ग्रंथ जगभर आधारग्रंथ म्हणून वापरला जातो. पुढे ते मंगळूर विद्यापीठाचे कुलगुरूही झाले.

हे तंत्र दिसायला साधे आहे. जाड भिंतींच्या पोलादी पात्रात टेफ्लॉनचे अस्तर बसवावे, त्यात टायटॅनियमचे संयुग आणि पाणी, लागेल तसे आम्ल किंवा अल्क घालून घ्यावे, झाकण पिळून घट्ट करावे आणि ते भट्टीत दीडशे ते अडीचशे अंश सेल्सिअसवर काही तास ठेवावे. पात्र किती भरले यावर आतला दाब ठरतो. फार भरले तर पाणी प्रसरण पावून दाब धोक्याच्या पातळीला जातो, कमी भरले तर काम अर्धवट राहते, आणि अडीचशे अंशांच्या पुढे टेफ्लॉन मऊ पडू लागते. एवढे सांभाळले तर बाहेर येणारे चूर्ण आरंभापासूनच स्फटिकरूप असते. त्याला नंतर उच्च तापमानात भाजावे लागत नाही, आणि म्हणून वर सांगितलेला पेच, म्हणजे दोष काढावेत तर पृष्ठफळ जाते हा, बऱ्याच अंशी टळतो. पात्रात ब्यूटिल अमाइनसारखे सेंद्रिय द्रव्य अल्प प्रमाणात घातल्यास ते वाढत्या कणाच्या पृष्ठभागाला चिकटून त्याची वाढ आवरते आणि कणांचे गोळे होऊ देत नाही, हेही म्हैसूरच्या प्रयोगांत दाखवले गेले.

पण मला विशेष मोलाचे वाटते ते याच गटाचे दुसरे काम. ए. के. सुब्रमणी, बैरप्पा आणि सहकाऱ्यांनी 2007 साली ‘बुलेटिन ऑफ मटेरियल्स सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात टायटॅनियम डायऑक्साइड जलऔष्णिक रीतीने सक्रियित कोळशावर बसवून त्याने इंडिगो कार्माइन या निळ्या रंगद्रव्याचे उन्हात विघटन घडवले होते; झिंक ऑक्साइड आणि कार्बनच्या नलिका यांच्याबाबत असेच प्रयोग मागे-पुढे झाले. कोळसा दूषित द्रव्याला आपल्याकडे खेचून उत्प्रेरकाच्या जवळ आणतो, ही एक सोय झाली. दुसरी सोय व्यवहारातली, आणि तिचा उल्लेख विद्वानांच्या लेखांत ओझरताच येतो. वीस नॅनोमीटरचे सुटे कण पाण्यात तासन्‌तास तरंगत राहतात, साध्या गाळणीतून निघून जातात, आणि शुद्ध केलेल्या पाण्यातून शुद्ध करणारा पदार्थ काढून घेण्यासाठीच वेगळी यंत्रसामग्री लागते. कोळशाच्या दाण्यावर बसवलेला कण मात्र भांडे स्वस्थ ठेवले की तळाशी जातो. कणाची घडण आणि त्याची वापसी या दोन गोष्टींची तजवीज एकाच पात्रात करणे, हे मला नवे मिश्रण शोधण्यापेक्षा अधिक शहाणपणाचे वाटते.

म्हैसूरपासून फार दूर नसलेल्या बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत याच सुमारास अगदी उलट प्रकृतीचे तंत्र नांदत होते. के. सी. पाटील यांनी 1988 पासून रूढ केलेल्या ज्वलन-पद्धतीत धातूचे नायट्रेट आणि ग्लायसिन किंवा युरियासारखे इंधन यांचे द्रावण तापल्या भट्टीत ठेवले की ते उकळते, फेसाळते आणि पेट घेऊन काही मिनिटांत हलकी भुसभुशीत राख मागे ठेवते; ती राखच इष्ट ऑक्साइड असते. एम. एस. हेगडे, गिरिधर मद्रास आणि के. नागवेणी यांच्या गटाने 2004 च्या सुमारास या रीतीने आठ-दहा नॅनोमीटरचे ॲनाटेज बनवले, ते किंचित पिवळे असून दृश्य प्रकाश शोषणारे होते, आणि फिनॉल व अनेक रंगद्रव्यांवर पी-25 पेक्षा त्याचा प्रभाव अधिक आढळला. एकीकडे बंद पात्रातील संथ पाणी, दुसरीकडे उघड्या भट्टीतील भडका. दीडशे किलोमीटरच्या अंतरात या दोन परंपरा एकाच काळी परिपक्व झाल्या, याची दखल आपल्या विज्ञानाच्या इतिहासकारांनी घ्यायला हवी होती.

प्रयोग मोजायचा कसा, या प्रश्नावर मात्र थोडे कठोर बोलणे प्राप्त आहे. बहुतेक लेखांत जी कृती असते ती अशी. निळ्या द्रावणात तोलून घेतलेले चूर्ण टाकतात, अर्धा तास अंधारात ढवळून पृष्ठशोषणाचा समतोल होऊ देतात, मग भांडे दिव्याखाली किंवा माध्यान्हीच्या उन्हात ठेवतात; ठराविक वेळाने थोडे द्रावण काढून, चूर्ण बाजूला करून, इंडिगो कार्माइनसाठी 610 नॅनोमीटरवर वर्णपटमापकात त्याचा निळेपणा वाचतात. निळेपणा गेला की पाणी शुद्ध झाले असे लिहून टाकतात. परंतु रंग गेला याचा अर्थ रेणूचा रंग देणारा बंध तुटला, एवढाच. उरलेले तुकडे बिनरंगी असून मूळ द्रव्याइतकेच किंवा त्याहून अधिक उपद्रवी असू शकतात. शिवाय रंगद्रव्य स्वतः दृश्य प्रकाश शोषून आपला इलेक्ट्रॉन चुर्णाला देते आणि त्या व्यवहारात आपणच नष्ट होते. तेव्हा ज्याला ‘दृश्य प्रकाशातील उत्प्रेरण’ म्हणून मिरवले जाते, ते पुष्कळ वेळा रंगद्रव्याच्या आत्मनाशाचे श्रेय उत्प्रेरकाच्या नावावर मांडणे असते. खरी खातरजमा डायक्रोमेटने केलेल्या ऑक्सिजन-मागणीच्या मापनातून होते, जेथे अनुमापनाच्या शेवटी फेरॉइनच्या थेंबाने हिरवट-निळा रंग एकाएकी विटकरी तांबडा होतो आणि पाण्यात जळण्याजोगे किती द्रव्य उरले ते आकड्यात हाती येते. तेवढ्याने न भागता फिनॉलसारख्या बिनरंगी द्रव्यावर प्रयोग, किती प्रकाशकण पडले याची मोजदाद, आणि तेच चूर्ण पुन्हा पुन्हा वापरल्यावरची त्याची अवस्था, हेही रुजू व्हायला हवे. म्हैसूरच्या गटाने ऑक्सिजन-मागणी मोजण्याचा शिरस्ता आपल्या रंगद्रव्यांच्या कामात पाळला, हे त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

प्रकाश-उत्प्रेरणाचे हे तंत्र जेथे रूढ झाले ती ठिकाणे पाहिली तर ती पाण्याची नसून पृष्ठभागांची आहेत, हे सहज लक्षात येते. पातळ थरावर प्रकाश पडला की पाणी थेंबरूपाने न राहता पसरते आणि मळ वाहून नेते, हे 1997 साली जपानी संशोधकांनी दाखवल्यापासून स्वतःला स्वच्छ ठेवणाऱ्या फरशा, काचा आणि सिमेंट बाजारात आले. 2003 साली पूर्ण झालेले रोममधील रिचर्ड मायर यांचे चर्च अशा शुभ्र काँक्रीटचेच आहे. हायड्रोजनच्या आघाडीवर काझुनारी डोमेन यांच्या गटाने 2021 साली शंभर चौरस मीटरचा फलक उन्हात चालवून दाखवला, तोही टायटॅनियम डायऑक्साइडचा नसून स्ट्रॉन्शियम टायटानेटचा. आणि सूर्यऊर्जेचे हायड्रोजनमध्ये रूपांतर फार तर 0.76 टक्के भरले. फळे पिकवणारा एथिलीन वायू बंद खोलीतून हटवण्यासाठीही हे ऑक्साइड अंतराळातील वनस्पती-कक्षांत वापरले गेले. 1950 पासून अन्नतंत्राची मध्यवर्ती संस्था ज्या म्हैसूर नगरीत आहे तेथे या उपयोगाला जागा मिळावी, अशी माझी जाता जाता शिफारस.

दोन गोष्टी राहिल्या. टायटॅनियम डायऑक्साइड सर्वथा निरुपद्रवी आहे, ही समजूत आता टिकत नाही. त्याची धूळ श्वासावाटे आत गेल्यास कर्करोगाची शक्यता मानली गेली आहे, आणि अन्नात घालण्याचा पांढरा रंग म्हणून त्याचा वापर युरोपीय संघाने 2022 साली बंद केला. म्हणजे नदीत सुटे नॅनो कण सोडून देण्याचा प्रकार कोणीही मान्य करू नये. दुसरी गोष्ट कच्च्या मालाची. प्रयोगशाळेत वापरले जाणारे टायटॅनियमचे अल्कॉक्साइड महाग आणि दमट हवेत नासणारे असते. त्यावर उभारलेली कृती गावच्या सांडपाण्याला परवडणार नाही. केरळात चवरा आणि तिरुवनंतपुरम येथे इल्मेनाइटपासून ऑक्साइड काढण्याचे कारखाने आहेत, आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या रेतीतही हे खनिज आहे. घडणीची सुरुवात अशा स्वस्त क्षारांपासून करून दाखवील तोच पुढे टिकेल.

महाराष्ट्रात या विद्येचे अभ्यासक थोडे नाहीत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पातळ थरांवर आणि पुण्याच्या प्रयोगशाळांत हायड्रोजननिर्मितीवर बरेच काम झाले आहे. कोल्हापूरपासून तासाभराच्या वाटेवर इचलकरंजीत कापड रंगवणाऱ्या प्रोसेसर्सचे पाणी वाहते आणि पंचगंगेच्या प्रदूषणाची तक्रार वर्षानुवर्षे चालू आहे. त्या पाण्यात रंगद्रव्याबरोबर मीठ, सोडा, खळ आणि साबण असतो; क्लोराइड आणि कार्बोनेट हायड्रॉक्सिल मूलकांना मधल्यामध्ये गिळून टाकतात, त्यामुळे ऊर्ध्वपातित पाण्यात मिळालेले यश तेथे लागू पडेल याची हमी नाही. म्हणून या विषयावर प्रबंध लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या मार्गदर्शकांना एवढीच विनंती आहे की, नवे मिश्रण किंवा नवा पैलू शोधण्याआधी त्या नाल्यातले एक पिंप पाणी आणावे, कोळशावर बसवलेले साधे ॲनाटेज त्यात टाकून उन्हात ठेवावे, आणि दहाव्या वापरानंतर ऑक्सिजन-मागणी किती उतरली तो आकडा, चांगला असो वा वाईट, छापावा.